लाईन क्लिअर: सामायिक वाहिनीवर परवानगी कोणाची घ्यायची?

संगणक जाळ्यांच्या अभ्यासक्रमात माध्यम वाटपाचे प्रकरण आले की तुमच्यासमोर एक ठरलेली आकृती येते. तीन ठिपके आणि त्यांच्याभोवती एकमेकांना छेदणारी वर्तुळे असतात, शेजारी आरटीएस आणि सीटीएस अशी दोन नावे लिहिलेली असतात. आकृती पाठ होते, परीक्षेत गुणही मिळतात. ती काढण्याची वेळ मुळात का आली, हे मात्र बहुतेक वेळा राहून जाते. या टिपणात आपण तोच इतिहास पाहणार आहोत. त्याची सुरुवात रेडिओपासून न करता रायपूरहून जाणाऱ्या रेल्वेमार्गांपासून करू. एकाच वाटेवर अनेकांना जायचे आहे आणि दोघे एकदम आले तर दोघांचेही नुकसान, हा प्रश्न रुळांवर हवेतल्या लहरींच्या कितीतरी आधी उभा राहिला होता.

एकेरी रूळ आणि गोळा

नागपूरहून राजनांदगावपर्यंतची मीटरगेज नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली, रायपूर आणि बिलासपूरमार्गे पुढे वाढवली आणि १८९१ मध्ये आसनसोलला जोडली. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढे १९३१ मध्ये रायपूरहून विजयनगरमकडे जाणारा मार्गही पुरा झाला. तो कित्येक दशके एकेरीच राहिला.

एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधला तुकडा दोन्ही दिशांच्या गाड्यांना सामायिक असतो. समोरासमोर आलेल्या गाड्यांना बाजूला व्हायला जागा नसते. म्हणून गाडी सोडणाऱ्या स्टेशन मास्तरला आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. आपल्या फलाटावरून रूळ मोकळा दिसतो, एवढ्यावरून पुढच्या दहा किलोमीटरचे काहीच कळत नाही. नियम असा, की आधी पुढच्या स्थानकाला विचारायचे. तिथल्या मास्तरने ‘लाईन क्लिअर’ दिली तरच गाडी सोडायची. परवानगी गाडी घेणारा देतो, सोडणारा स्वतःची स्वतः घेत नाही. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

नुसता निरोप पुरेसा नाही, हे इंग्लंडमध्ये फार महागात कळले. १० सप्टेंबर १८७४ रोजी नॉर्विचजवळच्या थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे दगावली. तारेने द्यायच्या परवानगीत दोन माणसांचा घोळ झाला होता. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट यंत्राचे पेटंट घेतले. भारतात याच जातीचे नील यांचे टोकन यंत्र सर्वत्र पसरले. दोन्ही स्थानकांत एकेक यंत्र असते आणि ती दोन्ही तारेने जोडलेली असतात. पुढच्या मास्तरने आपल्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर येत नाही. एकदा गोळा बाहेर आला की तो परत कोणत्याही एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. तो गोळा पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती दिला जातो. मार्ग वापरण्याचा हक्क म्हणजे ती वस्तू. संगणक जाळ्यांत ‘टोकन’ हा शब्द तुम्ही वाचता तेव्हा डोळ्यांपुढे हा गोळा आणा.

रेल्वेकडे सामायिक वाहिनीचे दुसरेही एक उदाहरण आहे, ते म्हणजे कंट्रोलचा फोन. एका विभागातली सगळी स्थानके एकाच तारेवर असतात आणि टोकाला सेक्शन कंट्रोलर बसलेला असतो. मास्तर फोन उचलतो, आधी कोणी बोलत आहे का ते ऐकतो आणि शांतता असेल तर आपल्या स्थानकाचे नाव सांगून बोलू लागतो. ही ‘ऐका, मग बोला’ पद्धत तिथे बिनबोभाट चालते. याचे कारण मास्तरांच्या सौजन्यात नाही, तारेत आहे. एकाच तारेवर असल्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचे ऐकू येते.

म्हणजे रेल्वेकडे दोन रीती होत्या. जिथे सगळ्यांना सगळे ऐकू येते तिथे ऐकून बोलायचे, आणि जिथे तसे होत नाही तिथे घेणाऱ्याला विचारायचे. रेडिओच्या जाळ्यांनी पहिली रीत उचलली, आणि दुसरीकडे यायला त्यांना जवळजवळ दोन दशके लागली.

हवाई: न ऐकता बोलणे

१९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे अगदी व्यावहारिक अडचण होती. विद्यापीठाचा संगणक होनोलुलूला, वापरणारे वेगवेगळ्या बेटांवर, आणि त्या काळच्या टेलिफोन तारा महाग आणि बेभरवशाच्या. त्यांनी रेडिओ वापरला आणि नियम इतका सोपा ठेवला की तो नियम वाटूच नये. पॅकेट तयार झाले की पाठवा. पोच आली नाही तर थोडा वेळ, प्रत्येकाने आपापला यदृच्छेने निवडलेला वेळ, थांबून पुन्हा पाठवा. ही ‘अलोहा’ पद्धत.

तिचे गणित स्वतः करून पाहा. एका पॅकेटला वाहिनीवर जेवढा वेळ लागतो त्याला एक एकक म्हणू. तुमचे पॅकेट सुरू होण्यापूर्वी एका एककाच्या आत कोणी पाठवू लागला तरी टक्कर होते, आणि तुमचे संपेपर्यंत कोणी सुरू केले तरीही होते. धोक्याची वेळ दोन एकके झाली. यावरून जास्तीत जास्त उपयुक्त वापर १/२e, म्हणजे सुमारे १८.४ टक्के निघतो. १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी सुचवले, की सगळ्यांनी घड्याळाच्या ठोक्यावरच सुरुवात करावी. धोक्याची वेळ निम्मी झाली आणि वापर ३६.८ टक्क्यांवर गेला. तरीही वाहिनीचा बराचसा वेळ टकरींत किंवा रिकामा जात होता.

लक्षात घ्या, अलोहा हे ॲड हॉक नेटवर्क नव्हते. सगळी पॅकेटे होनोलुलूच्या एकाच केंद्राकडे जात आणि घेणारा एकच होता. ॲड हॉक म्हणजे प्रसंगापुरते, कोणी मुख्य नसलेले जाळे. त्यातला प्रत्येक नोड पाठवतो, घेतो आणि दुसऱ्याचे पॅकेट पुढेही ढकलतो. १९७३ मध्ये सुरू झालेला अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेचा पॅकेट रेडिओ प्रकल्प हा या दिशेचा पहिला मोठा प्रयत्न होता.

दुर्ग, रायपूर, तिल्दा

१९७५ मध्ये लिओनार्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी ‘ऐका, मग बोला’ या पद्धतीचे, म्हणजे सीएसएमएचे, सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. सगळ्यांना सगळे ऐकू येत असेल तर ती अलोहाच्या कितीतरी पुढे जाते. पण त्याच लेखमालेच्या दुसऱ्या भागात त्यांनी तिचे वर्मही दाखवले.

आपल्या मार्गावरची स्थानके घेऊन पाहू. दुर्ग, रायपूर, तिल्दा ही ओळीने येतात. प्रत्येक ठिकाणी एक रेडिओ आहे अशी कल्पना करा. त्याचा आवाका शेजारच्या स्थानकापर्यंतच आहे. दुर्ग रायपूरशी बोलत आहे. तिल्दालाही रायपूरला काही सांगायचे आहे. तिल्दा कान देतो. त्याला दुर्ग ऐकू येत नाही, म्हणून हवा मोकळी आहे असे समजून तो बोलू लागतो. रायपूरच्या कानावर दोन्ही आवाज एकदम पडतात आणि कशाचाच बोध होत नाही. तिल्दाने नियम तंतोतंत पाळला होता, तरीही टक्कर झाली. दुर्गच्या दृष्टीने तिल्दा ‘लपलेला’ आहे.

उलट बाजूही आहे. दुर्ग आता राजनांदगावला पाठवत आहे आणि रायपूरला तिल्दाशी बोलायचे आहे. रायपूरला दुर्गचा आवाज येतो, म्हणून तो गप्प बसतो. खरे तर त्याच्या बोलण्याने राजनांदगावला काहीच अडचण नव्हती, तो फार दूर आहे. पहिल्या प्रसंगात जो गप्प बसायला हवा होता तो बोलला, दुसऱ्यात जो बोलू शकला असता तो गप्प बसला. दोन्हींचे मूळ एकच आहे. टक्कर घेणाऱ्याच्या जागी होते, आणि कान मात्र पाठवणाऱ्याच्या जागी लावला जातो. फलाटावरून रूळ मोकळा दिसतो म्हणून गाडी सोडण्यासारखेच हे झाले.

तोबागी-क्लाइनरॉक यांचा उपाय होता ‘बिझी टोन’. घेणाऱ्या केंद्राने, आपण ऐकत आहोत तोवर, वेगळ्या वारंवारतेवर एक सूर लावून ठेवायचा. सूर ऐकू येत असेल तर कोणी पाठवायचे नाही. इथे परवानगी पहिल्यांदा घेणाऱ्याच्या हाती आली. पण त्यासाठी दुसरी वारंवारता लागते, दुसरा रेडिओ लागतो, आणि ज्या जाळ्यात कोणीही घेणारा असू शकतो तिथे कोणाचा सूर कोणासाठी, हाही प्रश्न उरतो.

हौशी रेडिओवाल्याची सूचना

पुढचे पाऊल एका हौशी रेडिओवाल्याने टाकले, ही मला या इतिहासातली सर्वांत आवडती गोष्ट वाटते. १९९० मध्ये फिल कार्न यांनी हौशी रेडिओच्या संगणक जाळे परिषदेत एक छोटासा निबंध मांडला. त्यात त्यांनी ‘माका’ ही पद्धत सुचवली. ॲपलच्या लोकलटॉक जाळ्यात पाठवण्याआधी छोटी देवघेव होत असे, ती कल्पना त्यांनी उचलली आणि रेडिओसाठी तिचा अर्थ बदलला.

पाठवणारा आधी लहानसा आरटीएस पाठवतो: ‘मला तुला इतके मोठे पॅकेट द्यायचे आहे.’ घेणारा सीटीएस पाठवतो: ‘दे, इतका वेळ मोकळा आहे.’ ज्याला सीटीएस ऐकू येईल त्याने तेवढा वेळ गप्प राहायचे, कारण सीटीएस ऐकू येणारा म्हणजेच घेणाऱ्याच्या कानाला त्रास देऊ शकणारा. ज्याला फक्त आरटीएस ऐकू आला, सीटीएस नाही, त्याला बोलायला हरकत नाही. कार्न यांनी धीटपणे सुचवले, की मग हवा ऐकण्याची गरजच काय? ती सोडून द्या.

हीच लाईन क्लिअर. फरक एकच आणि तो मोठा आहे. दोन स्थानकांचे यंत्र वेगळ्या तारेवर बोलते, तो प्रश्न रुळावरून जात नाही. रेडिओत विचारणा त्याच हवेतून जाते, जिच्यासाठी परवानगी मागायची आहे. म्हणून विचारणेचीही टक्कर होऊ शकते आणि विचारण्यालाही वेळ मोजावा लागतो.

१९९४ मध्ये वादुवूर भारघवन, ॲलन डेमर्स, स्कॉट शेंकर आणि लिक्सिया झँग यांनी माका प्रत्यक्ष तपासून ‘माकाव’ तयार केली. त्यांनी प्रत्येक पॅकेटला पोच जोडली आणि टकरीनंतर किती थांबायचे याचा नियम बदलला. जुन्या नियमात जो नुकताच यशस्वी झाला त्यालाच पुढची संधी लवकर मिळे आणि मागे पडलेला मागेच पडत जाई.

८०२.११: दोन्ही रीतींची मोट

१९९७ मध्ये आयईईई ८०२.११ मानक आले. आज ज्याला आपण वाय-फाय म्हणतो त्याचे हे मूळ. त्यात कार्न यांचे ऐकणे सोडून देणे स्वीकारले गेले नाही. ऐकणे ठेवले आणि वर आरटीएस-सीटीएस ऐच्छिक म्हणून बसवले. प्रत्येक चौकटीत ‘अजून इतका वेळ वाहिनी गुंतलेली आहे’ असा आकडा असतो आणि ऐकणारे तो आपल्या मनगटी घड्याळासारखा मोजत बसतात. हवा प्रत्यक्ष शांत असली तरी हे घड्याळ संपेपर्यंत बोलायचे नाही.

मग घराघरांतल्या वाय-फायमध्ये मोठ्या पॅकेटांपुरतेही आरटीएस बहुधा बंदच का असते? त्याचा हिशेब करू. ८०२.११बी मध्ये आरटीएस २० बाइटचा आणि सीटीएस १४ बाइटचा. दोन्ही १ मेगाबिट वेगाने गेले तर १६० आणि ११२ मायक्रोसेकंद लागतात. पण प्रत्येक चौकटीपुढे १९२ मायक्रोसेकंदांची प्रस्तावना असते आणि दर चौकटीनंतर १० मायक्रोसेकंद थांबावे लागते. एकूण ६७६ मायक्रोसेकंद झाले. १५०० बाइटचे पॅकेट ११ मेगाबिटने पाठवायला प्रस्तावनेसह साधारण १३०० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे परवानगी विचारण्यात मालवाहतुकीच्या निम्मा वेळ जातो. पॅकेट १०० बाइटचे असेल, आवाजाची पॅकेटे अशीच लहान असतात, तर विचारणा मालाच्या दुपटीहून लांब होते.

शिवाय ती दरवेळी उपयोगी पडतेच असे नाही. २००२ मध्ये कैक्सिन शू, मारियो गेर्ला आणि सांग बे यांनी दाखवले, की समजण्याइतका आवाज जिथवर पोहोचतो त्यापेक्षा बिघडवण्याइतका आवाज लांबवर पोहोचतो. घेणाऱ्याला हवा असलेला संकेत गोंगाटाच्या दहापट असावा आणि अंतराच्या चौथ्या घाताने तो क्षीण होतो असे मानले, तर बिघडवणारा दहाच्या चतुर्थमुळाइतका, म्हणजे १.७८ पट दूर असला तरी त्रास देतो. पाठवणारा आणि घेणारा आवाक्याच्या ०.५६ पटीहून दूर असले, तर सीटीएस ज्याच्या कानी पोहोचत नाही असा कोणीतरी टक्कर घडवू शकतो. पुस्तकातल्या वर्तुळांच्या आकृतीत हे दिसत नाही, कारण तिथे एकच वर्तुळ काढलेले असते.

उड्यांच्या जाळ्यात अडचण आणखी वाढते. एकाच पॅकेटला राजनांदगावहून दुर्ग, रायपूर, तिल्दा असे जायचे असेल तर ते पॅकेट पुढच्या उडीत आपल्याच मागून येणाऱ्या पॅकेटशी स्पर्धा करते. २००० मध्ये पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी सिद्ध केले, की यदृच्छेने पसरलेल्या n नोडांच्या जाळ्यात प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग १/√(n log n) या प्रमाणात घटतो. नियम कितीही हुशार असला तरी वाटेकरी वाढले की वाटा कमी होतोच.

इथे छत्तीसगडमधली एक रीत आठवते. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या सीजीनेट स्वरा या ध्वनी-सेवेला गोंडी आणि हिंदी बोलणारे गावकरी मिस्ड कॉल देतात. मग सर्व्हर त्यांना उलट फोन करतो आणि त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करून घेतो. ही माध्यम वाटपाची पद्धत नव्हे, पण तिच्याकडे त्या नजरेने पाहा. विचारणा फुकटच्या घंटीवरून होते, महागडी वाहिनी घेणारा उघडतो. जी सोय कार्न यांना हवेत मिळाली नाही ती इथे टेलिफोनच्या रचनेने दिली.

कानपूरजवळचे मनोरे

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. त्याआधी १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली रेडिओ संच बाळगण्यालाही परवाना लागे. परवाना हीसुद्धा माध्यम वाटपाची एक रीतच आहे, फक्त तिचे एकक मायक्रोसेकंद नसून वर्ष असते. परवाना गेला तेव्हा शिस्त राखण्याचे सगळे काम यंत्रांतल्या नियमांवर आले.

त्याच सुमारास आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ प्रकल्पात कानपूर-लखनौ परिसरातली गावे साध्या ८०२.११ उपकरणांनी आणि मनोऱ्यांवरच्या दिशात्मक अँटेनांनी जोडली जात होती. खोलीसाठी बनलेला नियम तिथे अडखळू लागला. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे ८०२.११बी च्या २० मायक्रोसेकंदांच्या एका ठोक्यात ६ किलोमीटर. समोरचा मनोरा १५ किलोमीटरवर असेल तर तो बोलू लागल्याचे तुम्हाला दोन ठोक्यांहून उशिरा कळते. तोवर तुम्हीही बोलू लागलेले असता.

दुसरी अडचण एकाच मनोऱ्यावरची. मधल्या गावाच्या मनोऱ्यावर दोन दिशांना दोन रेडिओ असतात. एक पाठवत असेल तर त्याचा आवाज शेजारच्या रेडिओच्या कानात घुसतो आणि त्याला दूरचे काही ऐकू येत नाही. पण दोघेही एकाच वेळी पाठवत असतील तर काही बिघडत नाही, आणि दोघेही एकाच वेळी ऐकत असतील तरीही नाही. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये मांडलेला ‘टू-पी’ नियम यावरच उभा आहे. मनोऱ्यावरचे सगळे रेडिओ आधी मिळून पाठवतात, मग मिळून ऐकतात. आपली पाळी संपली की प्रत्येक जोडणीवर एक खुणेचे पॅकेट समोर पाठवले जाते. ते मिळाले की समोरच्याची पाळी सुरू होते. ऐकणे बंद, घाईगर्दीत शिरणे बंद. खुणेचे पॅकेट म्हणजे पिशवीतला गोळाच. मात्र रचनेवर एक अट येते. मनोऱ्यांचे दोन गट पडले पाहिजेत आणि प्रत्येक जोडणी एका गटातून दुसऱ्यात गेली पाहिजे. तीन मनोऱ्यांचा त्रिकोण चालत नाही, कागदावर काढून पाहा.

मनोरे स्थिर आहेत, कोण कुठे आहे हे आधी ठाऊक आहे, म्हणून हे जमते. हातात रेडिओ घेऊन फिरणाऱ्यांना आधीपासून पाळ्या कोण लावून देणार? इथे ॲड हॉक शब्दाची खरी किंमत मोजावी लागते.

रेल्वे स्वतः रेडिओवर आली तेव्हा तिने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’मध्ये इंजिन आणि स्थानक यूएचएफ रेडिओवर बोलतात. वाटप वारंवारता आणि वेळेचे तुकडे पाडून केलेले आहे. स्थानक प्रत्येक इंजिनाला त्याचा तुकडा ठरवून देते, आधी बोलण्यासाठी चढाओढ नाही. परंतु नव्याने हद्दीत शिरलेल्या इंजिनाचे नाव अजून यादीत नसते. त्याची पहिली हाक आणि संकटसंदेश यांच्यासाठी एक सामायिक वारंवारता राखून ठेवलेली आहे. दोन स्थानकांच्या मधे, कोणी वाटून देणारा नसताना, एका इंजिनाने दुसऱ्याला थेट दिलेला इशारा तिथूनच जातो.